एमबीबीएसची साडेपाच वर्षे आणि आपली तब्येत: प्रवेशापासून इंटर्नशिपपर्यंत काय, कधी आणि कसे सांभाळावे

एमबीबीएसला लागलेल्या मुलामुलींची तब्येत कुठे बिघडते, ती ठिकाणे बहुतेक ठरलेली आहेत. पहिल्या वर्षी झोप आणि मेस, दुसऱ्या वर्षापासून वॉर्ड, पावसाळ्यात होस्टेल, निकालानंतरचे काही आठवडे आणि इंटर्नशिपमधल्या रात्री. ठिकाणे माहीत आहेत, तर बंदोबस्तही आधी करता येतो. पण होते असे, की सकाळी ओपीडीत पेशंटला ‘तपासणी वेळेवर करा’ असे सांगणारा विद्यार्थी स्वतःचा महिनाभराचा खोकला मित्राने दिलेल्या गोळ्यांवर काढतो. हा लेख त्याच्यासाठी आहे, तिच्यासाठी आहे आणि गावाकडून फोनवर ‘जेवलास का?’ एवढेच विचारू शकणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे.

पहिल्या पंधरा दिवसांत: स्वतःची फाइल आणि लसी

पेशंटची जशी केस-फाइल असते तशी स्वतःची एक करा. साधी प्लास्टिकची फाइल पुरे. पहिल्या पानावर रक्तगट, ॲलर्जी, नेहमीची औषधे, घरातले आजार (मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, मानसिक आजार) आणि घरच्या दोन व्यक्तींचे फोन नंबर. त्यामागे वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि चष्म्याचा नंबर. शाकाहारी असाल तर बी-१२ ची पातळी एकदा पाहून घ्या. मुलींनी हिमोग्लोबिन दरवर्षी तपासावे. १२ च्या खाली असेल तर ते ‘थोडं कमी’ नसते, तो ॲनिमिया (रक्तक्षय) असतो. परीक्षेच्या काळातला थकवा, धाप आणि न टिकणारी एकाग्रता यांमागे कित्येकदा तोच निघतो.

फाइलमधला सर्वांत महत्त्वाचा कागद लसीकरणाचा. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. इंजेक्शन दंडाच्या डेल्टॉइड स्नायूत घ्यायचे. दोन डोस घेऊन तिसरा विसरणारे पुष्कळ, म्हणून तिसऱ्या डोसची तारीख फोनमध्ये लगेच टाका. लहानपणी लस झाली असेल तर तो कागद घरून मागवा.

पण तीन डोस झाले म्हणजे संरक्षण मिळालेच, असे धरून चालू नका. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीने रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण, तपासायचे. ते १० किंवा त्याहून अधिक आले तर झाले. त्याखाली आले तर डोस पुन्हा घ्यावे लागतात. दुसऱ्या खेपेनंतरही टायटर वाढले नाही, तर ‘मला लसीने संरक्षण मिळालेले नाही’ ही नोंद फाइलवर ठळक हवी, कारण सुई टोचल्यावरचा निर्णय त्यावरून बदलतो. हे टायटर बहुतेक जण करतच नाहीत. वॉर्डात पाऊल टाकण्याआधी करा.

कांजिण्या झालेल्या नसतील तर त्या लसीचे दोन डोस चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने घ्या. मोठ्या वयातल्या कांजिण्या त्रासदायक असतात, आणि त्या बालरोग वॉर्डात नेमक्या भेटतात. मेसचे पाणी पिणाऱ्यांनी टायफॉइडची काँज्युगेट लस एकदा घ्यावी. धनुर्वाताचा बूस्टर आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या नोंदीही त्याच वेळी तपासून घ्या.

शेवटचे काम म्हणजे स्वतःसाठी एक डॉक्टर ठरवणे. मेडिसिन विभागातले एखादे सर किंवा मॅडम असतील, नाहीतर गावातले घरचे डॉक्टर. ती व्यक्ती वर्गमित्र नसावी आणि तुम्ही स्वतः तर मुळीच नसावे.

झोप: पहिल्या वर्षात बसणारी सवय

ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री या तिन्ही विषयांचा आवाका पाहून पहिली छाटणी होते ती झोपेची. गंमत म्हणजे झोपेत काय होते, हे त्याच वर्षी फिजिऑलॉजीत शिकवतात. दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे काम झोपेतच चालते. रात्री दोनपर्यंत ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे) वाचून पाच तास झोपणाऱ्याला सकाळी व्हायवात (तोंडी परीक्षेत) त्याच्या फांद्या आठवत नाहीत, ते यामुळे.

सात ते आठ तास झोप हवी. त्यासाठी झोपण्याची वेळ बांधून घेण्यापेक्षा उठण्याची वेळ बांधून घ्या. सकाळी साडेसहा म्हणजे रविवारीही साडेसहा, फार तर साडेसात. रविवारी अकराला उठलात की त्या रात्री झोप लागत नाही आणि सोमवार जड जातो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत उजेडात जा. मेसपर्यंत चालत गेलात तरी चालते.

दुपारची डुलकी वीस मिनिटांची ठेवा आणि तीनच्या आत संपवा. चाळीस-पन्नास मिनिटे झोपलात तर गाढ झोपेतून उठावे लागते आणि पुढचा तास डोके सुन्न राहते. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. त्यामुळे संध्याकाळी सातची कॉफी मध्यरात्रीही अर्धी शिल्लक असते. दुपारी तीननंतर कॉफी नको, आणि चहाही शक्य तितका लवकर संपवा.

होस्टेलमध्ये खरा प्रश्न रूममेटचा असतो. एकाला रात्री वाचायचे असते, दुसऱ्याला पहाटे. पहिल्याच आठवड्यात बोलून ठरवा: अकरानंतर मोठा दिवा बंद, टेबल-लॅम्प भिंतीकडे वळवलेला, फोनवर बोलायचे ते बाहेर. डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले फोमचे बोळे स्वस्तात मिळतात. भांडण झाल्यावर ठरवलेले नियम टिकत नाहीत, म्हणून आधी बोला.

मेस: काय कमी पडते आणि ते कसे भरून काढावे

मेसच्या जेवणात पोट भरते, पण प्रथिने कमी पडतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाला साधारण ५० ग्रॅम झाली. आता मेसचा हिशेब करू. दिवसभराच्या सहा पोळ्यांतून सुमारे १८ ग्रॅम, दोन वाट्या पातळ वरणातून ६ ते ८, भात-पोहे-उपम्यातून आणखी ६ ते ८. भाजी बटाट्याची असेल तर तिच्यातून जवळपास काहीच नाही. म्हणजे ३० ते ३५ ग्रॅम मिळतात आणि १५ ते २० ग्रॅमची तूट रोज राहते.

ही तूट खोलीत बसून, गॅस न पेटवता भरता येते. दोन उकडलेली अंडी म्हणजे १२ ग्रॅम. ५० ग्रॅम फुटाणे म्हणजे सुमारे १० ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे म्हणजे ७ ते ८ ग्रॅम. एक ग्लास दूध साधारण ६ ग्रॅम. मोड आलेली मटकी किंवा मूग ओल्या फडक्यात खोलीतही होतात. खाण्याआधी उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे ठेवा, कारण दमट हवेतल्या कच्च्या मोडांवर जंतू लवकर वाढतात. यांतल्या दोन-तीन गोष्टी रोज खाल्ल्या की तूट भरते. महागड्या प्रोटीन पावडरीची गरज फार थोड्यांना असते.

चहा जेवणाला लागून घेऊ नका. तासाभराचे अंतर ठेवा. चहातले टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही. उलट वरणावर किंवा उसळीवर पिळलेल्या लिंबाने लोहाचे शोषण वाढते. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणी झाल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करा.

सकाळचा नाश्ता टाळून आठच्या लेक्चरला पळणे आणि मग अकराला कॅन्टीनचा वडापाव, असा क्रम पडला की तो वर्षानुवर्षे मोडत नाही. रात्रीच दोन केळी आणि शेंगदाण्याची चिक्की बॅगेत टाकून ठेवा.

पाण्याबद्दल एक नाजूक गोष्ट. वॉर्डात आणि कॉलेजात स्वच्छ स्वच्छतागृह नसते म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीला जळजळ, वारंवार संसर्ग सुरू होतो. पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी त्या वॉर्डातल्या सिस्टरना स्टाफचे स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारा. बहुतेक सिस्टर आनंदाने किल्ली देतात. एक लिटरची बाटली दिवसात दोन ते तीन वेळा संपली पाहिजे. लघवी गर्द पिवळी दिसली की कमी पडले.

मेस कमिटीत एकाने तरी जावे आणि दोनच प्रश्न धरून बसावे: पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली आणि वाढणाऱ्यांना जुलाब किंवा कावीळ झाली तर त्यांना पगारी सुटी मिळते का? होस्टेलमधल्या काविळीच्या बहुतेक साथी या दोन जागांतून येतात.

व्यायाम: आठवड्याला तीन वेळा, पंचवीस मिनिटे

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाची, आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम अशी आहे. होस्टेल ते कॉलेज ते हॉस्पिटल झपझप चाललात तर १५० मिनिटांतला मोठा भाग तिथेच होतो. लिफ्ट सोडा, जिने घ्या. उरते ते ताकदीचे काम, आणि ते खोलीत होते.

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस धरा. तीन मिनिटे जागेवर चालून अंग गरम करा. मग बैठका १२ ते १५. मग पुश-अप ८ ते १०. जमिनीवर जमत नसतील तर टेबलाच्या कडेवर हात ठेवून. मग पाठीच्या स्नायूंसाठी रोइंग: सॅकमध्ये आठ-दहा किलो पुस्तके भरा, कमरेतून वाका, पाठ सरळ ठेवा आणि सॅक पोटाकडे ओढा, १२ वेळा. मग उताणे पडून गुडघे दुमडून कंबर उचलणे १५ वेळा. शेवटी प्लँक ३० सेकंद. प्रत्येक प्रकारानंतर थोडा श्वास घ्या. ही फेरी तीनदा करा. दर आठवड्याला एक-दोन आवर्तने वाढवा.

सॅक ओढण्याचा प्रकार गाळू नका. वाचनात मान पुढे आणि खांदे आत गेलेले असतात. पुश-अप करणारे पुष्कळ असतात, पण पाठीचा व्यायाम कुणी करत नाही, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत मानेचे दुखणे घर करते. पुस्तक सपाट टेबलावर न ठेवता तिरक्या स्टँडवर ठेवा, आणि लॅपटॉपची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा.

व्यायाम मोडतो तो इंटर्नल परीक्षेच्या आठवड्यात. तेव्हा पूर्ण बंद न करता दहा मिनिटे चाला आणि एकच फेरी करा. एवढे केले तरी परीक्षेनंतर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिममध्ये एकदम दोन तासांचा बेत आखणाऱ्यांची सदस्यता सहसा पहिल्या टर्मिनलला (सत्र परीक्षेला) संपते.

डिसेक्शन हॉल

मृतदेह टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मलिनमधले फॉर्माल्डिहाइड डोळे, नाक आणि घसा चुरचुरवते, आणि दीर्घकाळच्या संपर्कात ते कर्करोगकारक म्हणून जागतिक यादीच्या पहिल्या गटात आहे. साधी सर्जिकल मास्क वायू अडवत नाही. तिचा उपयोग शिंतोड्यांपुरता. खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखे चालू हवेत. ते बंद असतील तर वर्गप्रतिनिधीने विभागाला लेखी कळवावे, तोंडी सांगून काम होत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लावून जाऊ नका, चष्मा घाला. नायट्राइलचे हातमोजे वापरा आणि फाटले की लगेच बदला. डोळ्यात थेंब उडाला तर नळाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि नेत्रविभागात जा. एप्रन खोलीत पलंगावर टाकू नका. तो वेगळ्या पिशवीत ठेवून वेगळा धुवा.

दम्याच्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी विभागात सांगावे आणि इनहेलर खिशात ठेवावा.

वॉर्डात शिरताना: टीबी

वॉर्डातल्या सर्व धोक्यांत महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने सर्वांत गांभीर्याने घ्यावा असा धोका टीबीचा आहे, कारण तो निमूट येतो. वजन उतरले तर ‘मेसचं जेवण’, संध्याकाळी कणकण आली तर ‘दगदग’, छातीत एका बाजूला दुखले तर ‘स्नायू आखडला’, असे स्वतःला समजावले जाते. तरुणांत फुप्फुसाभोवती पाणी होऊन टीबी प्रकट होणे नवे नाही, आणि तेव्हा खोकला कोरडा आणि किरकोळ असतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, कारण नसताना वजन घटणे, यांतले एक जरी असेल तरी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या.

खोकल्यावर स्वतःहून लेव्होफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन घेऊ नका. ही औषधे टीबीच्या जंतूंवरही चालतात. त्यामुळे चार दिवस बरे वाटते, तपासणी निगेटिव्ह येऊ शकते आणि निदान कित्येक आठवडे लांबते.

टीबी वॉर्डात आणि छातीच्या ओपीडीत एन-९५ मास्क घाला. दोन्ही पट्टे लावा, एक डोक्यावर आणि एक मानेमागे. नाकावरची पट्टी दाबून बसवा आणि दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने हवा निसटली तर मास्क बसलेला नाही. दाढीमुळे हीच फट राहते. खोकणाऱ्या पेशंटला साधी मास्क द्या आणि त्याचा इतिहास खिडकीजवळ घ्या.

सुई टोचली तर: पहिले दोन तास

हे आता वाचून ठेवा, कारण सुई टोचल्यावर डोके चालत नाही. आणि सुई टोचते ती बहुधा पहाटे, गर्दीत, सुईला टोपण परत बसवताना.

१. हातातले काम थांबवा आणि सहकाऱ्याला सांगा. हातमोजे काढा.

२. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, ब्लीच किंवा स्पिरिट चोळू नका. यांनी ऊतींना इजा होते, फायदा काहीच होत नाही. डोळ्यात रक्त उडाले तर पाण्याने किंवा सलाइनने धुवा.

३. कॅज्युअल्टी (तातडीच्या विभागातल्या) मेडिकल ऑफिसरकडे जा आणि नोंद करा. दिवसा एआरटी (एचआयव्हीवरील उपचारांचे) केंद्र उघडे असेल तर तिथे. ‘सर ओरडतील’ म्हणून सकाळची वाट पाहू नका.

४. पेशंट कोण ते माहीत असेल तर त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासणी व्हावी. एचआयव्ही तपासणीला पेशंटची संमती लागते; ती समुपदेशक किंवा डॉक्टर घेतील. तुमचेही पायाभूत रक्त त्याच वेळी घेतले जाते.

५. एचआयव्हीप्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत. ७२ तासांनंतर सुरू करण्यात अर्थ नाही. अहवाल यायला वेळ असेल तर डोस सुरू करून मग थांबवता येतो. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली एक गोळी रोज, २८ दिवस. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या किंवा अँटासिड चालू असेल तर सांगा; त्यांच्याबरोबर डोल्युटेग्राविर नीट शोषले जात नाही.

६. हिपॅटायटिस बीसाठी तुमची फाइल उघडा. टायटर १० किंवा त्याहून अधिक असल्याची नोंद असेल तर काही करावे लागत नाही. लस झालीच नसेल आणि पेशंट पॉझिटिव्ह असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत आणि लसीचा पहिला डोस दुसऱ्या दंडात.

७. हिपॅटायटिस सीला प्रतिबंधक औषध नाही. पुढच्या तपासण्या करायच्या. संसर्ग झालाच तर तो गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो.

भीती आवाक्यात राहावी म्हणून आकडा: एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर, औषध न घेता, संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस बीची, लस नसलेल्यांत, ६ ते ३० टक्के. खरे भय दुसऱ्याचे आहे आणि त्यावरच पक्की लस आहे.

२८ दिवसांचा कोर्स अर्ध्यावर सुटतो तो मळमळ, झोप न लागणे आणि एकटेपणामुळे. गोळी जेवणानंतर घ्या, आणि एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि त्यापुढे केंद्र सांगेल तेव्हा. तोवर रक्तदान करू नका आणि शरीरसंबंधांत कंडोम वापरा.

टाळायचे कसे? सुईला टोपण परत लावू नका. सुया पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात, तुम्ही स्वतः, लगेच टाका. डबा तीन-चतुर्थांश भरला की वॉर्डातल्या सफाईच्या मावशी किंवा मामांना बदलायला सांगा. भरलेल्या डब्यात सुई कोंबताना त्यांच्या हाताला टोचते, आणि ते बोलूनही दाखवत नाहीत.

ओटीत (शस्त्रक्रियागृहात) चक्कर

पहिल्या सर्जरी पोस्टिंगला कुणीतरी कोसळतेच. रक्त पाहून येणाऱ्या चक्करेपेक्षा उपाशीपोट, उकाडा आणि ताठ गुडघ्यांनी तासभर उभे राहणे हे कारण जास्त वेळा असते. पायांत रक्त साचते, मेंदूला कमी पडते. खाऊन जा, पाणी पिऊन जा. गुडघे किंचित सैल ठेवा, पोटऱ्या आवळा-सोडा, पायाची बोटे हलवा. कानात घूं झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला की ‘मला चक्कर येतेय’ असे स्पष्ट म्हणा, टेबलापासून दोन पावले मागे सरा आणि भिंतीला टेकून खाली बसा. लाजेने उभे राहणारा पुढे पडतो तो निर्जंतुक क्षेत्रावर किंवा फरशीवर डोके आपटून.

होस्टेलचा पावसाळा

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि कूलर, कुंडीखालची ताटली, गच्चीवरची टाकी यांत वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवून सगळी साठवण रिकामी करा आणि घासून कोरडी करा. नुसते पाणी ओतून दिले तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात. तापात फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. ताप उतरला की खोलीतले सगळे निर्धास्त होतात, आणि डेंग्यूत धोक्याचा काळ नेमका तोच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसातला. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा लघवी कमी होणे, यांतले काहीही दिसले तर लगेच दाखल व्हा.

मुंबईत परळ-हिंदमाता भागात साचलेल्या पाण्यातून ड्युटीला जावे लागते. पायाला जखम असताना अशा पाण्यातून गेलात, तर लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिनचा प्रतिबंधक डोस ७२ तासांच्या आत, डॉक्टरांना विचारून घ्या.

खरूज एका खोलीत आली की मजल्यावर पसरते. परमेथ्रिन ५ टक्के क्रीम मानेखाली सर्व अंगाला, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, जांघेत, रात्री लावून आठ ते बारा तासांनी आंघोळ. सात दिवसांनी पुन्हा एकदा. खोलीतल्या सर्वांनी, खाज नसली तरी, एकाच रात्री लावायचे. चादरी आणि कपडे गरम पाण्यात धुवायचे. उपचार फसतो तो ‘मला खाजत नाही’ म्हणणाऱ्या एकामुळे. नंतर दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते, तेवढ्यावरून पुन्हा पुन्हा क्रीम लावू नका.

गजकर्णावर दुकानातली स्टिरॉइड मिसळलेली क्रीम लावू नका. आठवडाभर लाली जाते आणि मग तेच गजकर्ण दुप्पट पसरून येते.

स्वतःच स्वतःचे डॉक्टर होणे

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात पॅथॉलॉजी वाचताना प्रत्येक आजार आपल्यालाच झालाय असे वाटू लागते. मानेत गाठ लागली की लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग). हे बहुतेकांना होते आणि सरतेही. एक नियम ठेवा: शंका कागदावर लिहा, इंटरनेट बंद करा आणि तीन दिवसांत ठरवलेल्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी ‘काही नाही’ म्हटले की विषय संपला.

खरी चिंता गोळ्यांची. परीक्षेआधी अल्प्राझोलाम, जागरणासाठी मोडाफिनिल, व्हायवाआधी प्रोप्रॅनोलॉल, हे सिनिअरच्या कपाटातून सहज मिळते. अल्प्राझोलामची सवय काही आठवड्यांतही लागते आणि ती घेऊन वाचलेले नीट लक्षात राहत नाही. दमा असणाऱ्याने प्रोप्रॅनोलॉल घेतले तर श्वासनलिका आवळतात. झोप येत नसेल, हात थरथरत असतील तर त्याला उपचार आहेत. ते डॉक्टरांकडून घ्या.

मन

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यासाठी ऑनलाइन माहिती भरलेल्या २५,५९० पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी निदान झालेला मानसिक आजार असल्याचे सांगितले आणि १६.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचे. स्वतःहून माहिती भरणाऱ्यांचे हे प्रमाण असले, तरी वर्गात आपण एकटे नाही एवढे त्यातून नक्की कळते.

मराठी माध्यमातून आलेल्यांचा पहिला टर्मिनल अनेकदा फसतो. बारावीपर्यंत गावात पहिला येणारा मुलगा इथे व्हायवात उत्तर येत असूनही वाक्य जुळवू शकत नाही आणि स्वतःला ‘ढ’ ठरवतो. ही अडचण बुद्धीची नाही, सरावाची आहे. रोज एका प्रश्नाचे उत्तर मोठ्याने, इंग्रजीत, रूममेटसमोर पाच मिनिटे बोला. आधी तीन ओळी लिहून, मग न पाहता. दोन-तीन महिन्यांत जीभ सैल होते. नापास झालात तर सप्लिमेंटरी असते. घरी ते स्वतः सांगा, निकालाच्या दिवशीच, आणि सोबत पुढचे वेळापत्रकही सांगा.

दोन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, ‘आपला उपयोग नाही’ असे विचार: एवढे असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचेच. कॉलेजातले मानसोपचार विभागाचे सर उद्या परीक्षक असतील, ही अडचण खरी आहे. मग शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

मित्र ‘मी नसलो तर बरं’ असे बोलू लागला, वस्तू वाटू लागला, निरोपासारखे मेसेज पाठवू लागला, तर थेट विचारा: ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ऐका, समजूत घालायची घाई करू नका. ‘कुणाला सांगू नकोस’ असे वचन देऊ नका. त्याला एकटे सोडू नका, खोलीतली औषधे बाहेर न्या आणि त्याच दिवशी त्याला कॅज्युअल्टीत किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत घेऊन जा. वॉर्डन आणि घरच्यांनाही कळवा.

रॅगिंग सहन करायचे नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मेसेज आणि फोटो पुसू नका, तेच पुरावे असतात.

इंटर्नशिपच्या रात्री

रात्रीची ड्युटी असेल त्या दुपारी दीड तास झोपा. एक पूर्ण झोपचक्र होते. जड जेवण रात्री दहाच्या आत, नंतर फुटाणे, फळ, ताक एवढेच. कॉफी थोडी थोडी, पहिल्या अर्ध्या रात्रीत, आणि दोननंतर बंद. नाहीतर सकाळी खोलीवर जाऊनही झोप लागत नाही. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर सर्वांत मंद असते. तेव्हा औषधाचा डोस मोजताना आकडा मोठ्याने बोला आणि सिस्टरकडून पडताळून घ्या. लेबलवरचे नाव दोनदा वाचा. शक्य असेल तेव्हा सहकाऱ्याशी वाटून घेऊन वीस मिनिटे पाठ टेका; उठल्यावर दहा मिनिटे देऊन मगच प्रक्रिया करा.

बॅगेत कायम ठेवा: पाण्याची बाटली, दोन मास्क, मोज्यांचा जास्तीचा जोड, सॅनिटरी पॅड, नेहमीच्या गोळ्या, चार्जर. पाळीत पोट दुखत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दुखणे वाढायची वाट न पाहता सुरुवातीलाच, काही खाऊन घ्या. तासन्‌तास उभ्याने काम असेल तर तळवा नीट उचलून धरणारे बूट घाला. सपाट चपला घालून रात्र काढली की टाच दुखायला लागते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या त्याच कार्यदलाने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांची मर्यादा, एक साप्ताहिक सुटी आणि सात-आठ तासांची झोप सुचवली आहे. तुमच्या युनिटचे वेळापत्रक याच्या फार पलीकडे जात असेल, तर दोन आठवड्यांच्या ड्युटीचे तास तारखेसह लिहून ठेवा आणि सर्व इंटर्ननी मिळून डीनना अर्ज द्या. एकट्याची तक्रार चिडचिड ठरते. तासांचा तक्ता जोडलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

ड्युटी संपल्यावर दुचाकी चालवत घरी जाऊ नका. चोवीस तास जागलेल्या माणसाचे भान दारू प्यायलेल्या माणसासारखेच मंदावते, आणि हँडल धरूनही डुलकी लागते. ती लागल्याचे कळतसुद्धा नाही. ड्युटी रूममध्ये आधी तासभर झोपा, किंवा रिक्षा, बस, लोकल पकडा. गाडी हॉस्पिटलच्या स्टँडवरच राहू द्या, ती दुसऱ्या दिवशी आणता येते.